मोठ्या अक्षरांची चिठ्ठी

१७ ऑगस्ट २०२५

प्रिय शकू,
सप्रेम जय भीम.

नाही गं, चेंडू काखेत मारून एकमेकींच्या अंगावर पडतात तो खेळ वेगळा. आपल्या रविंद्रची पोर गौतमी पायानं खेळायचा फुटबॉल खेळते, आणि हात लावायची मुभा तिला एकटीलाच. ती गोलकीपर. आता पुढचं विचारू नकोस, एवढं कळायलाच मला दोन वर्षं लागली.

आम्ही बरे आहोत. इथं ऑगस्टात हिवाळा, थंडी हाडात शिरते. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू करू नकोस. चार वर्षांनी लहान असून जिना चढताना नवऱ्याला हाका मारतेस म्हणे!

गावात मात्र मोठा तमाशा चाललाय. गाव केवढं, तर एक शाळा, एक डेअरी, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि आपला रविंद्र कामाला जातो तो दूध पावडरीचा कारखाना. यंदा शाळेच्या पोरी पहिल्यांदाच सेमीफायनलला गेल्या. दुकानांच्या काचांवर त्यांचे फोटो लागले. आणि मॅचच्या दोन दिवस आधी शाळेच्या पेटीत चिठ्ठी पडली. कीपरच्या डोक्याला मार बसलाय, तिला उलट्या होतायत, खेळवू नका. खाली नाव नाही.

इथं डोक्याला लागलं की तीन आठवडे खेळायचं नाही. डॉक्टरनं तपासलं, गौतमी बाहेर. तिची जिवाभावाची मैत्रीण मॅडी बदली म्हणून उभी राहिली आणि चार गोल खाऊन बसली.

मग काय, जो तो चिठ्ठीवाला शोधतोय. इंग्रजी एकदम शिकलेल्या माणसाचं, आणि अक्षरं सगळी मोठी. कोच म्हणाला, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम तशी काढलीत. सगळ्यांचा डोळा मॅडीच्या आईवर, ट्रेसीवर. स्वतःच्या पोरीला खेळवायचं होतं, दुसरं काय!

सूनबाई तर पेटलीच. "आई, मी त्या बाईला पुरणपोळ्या नेऊन दिल्या होत्या!"
म्हटलं, "सरिता, जा, परत मागून आण."
हसली नाही. मग मीच पिल्लू सोडलं, कोचच्या बायकोचं अक्षर बघा म्हणून. दोन दिवस तिच्याकडेही लोक वाकडं बघत होते.

ट्रेसी डेअरीत आली की बायका पावावरची तारीख वाचायला लागतात. मॅडीनं खेळायचे कपडे शाळेत परत दिले. गौतमी तिचं नाव काढू देत नाही. ट्रेसी आता लांब ख्राईस्टचर्च शहरात, हॉर्नबी भागात नोकरी बघतेय. काल दुकानाबाहेर तिनं माझा हात धरला. "आज्जी, यू नो इट वॉजन्ट मी, ए?" मी "येस, येस" म्हटलं आणि पिशवीतल्या कांद्यांकडे बघत राहिले.

शकू, तुझे दाजी शिडीवरून पडले तो दिवस तुला सगळा ठाऊक नाही. चहा प्याले, म्हणाले, डोकं जड झालंय, कुणाला सांगू नकोस, पोरं घाबरतील. मी नाही सांगितलं. संध्याकाळी उठवायला गेले तर उठलेच नाहीत.

मॅचच्या आधी सरावात डोकं आपटून आलेली गौतमी रात्री ओकून बेसिन धूत होती. "आज्जी, डोन्ट टेल मम अँड डॅड. प्रॉमिस." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शपथेत आईबाप होते. शाळा नव्हती.

फोनला मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजी करून दाखवलं, ते मी बघून बघून उतरवलं. मला मोठीच एबीसीडी येते. लहान शिकवायच्या आत पाचवीतून नाव काढलं होतं माझं.

चिठ्ठी मी टाकली. ती टाकल्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पण नात माझ्याशी बोलणं टाकेल, या भीतीनं मी एका बाईला गावातून उठू देतेय, आणि अजून तोंड उघडलेलं नाही.

तुझी भित्री,
अक्का