बंद वसाहतीचा रखवालदार

२ तारीख, गुरुवार
आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच! बंद कारखान्याची अख्खी वसाहत, चाळीस घरं, आणि राहणारा मी एकटा. बारा वर्षांपूर्वी इथं विष सांडलं, माणसं भरल्या ताटावरून उठून पळाली. फाटकावर अजून पाटी आहे: आत जाऊ नये, जिवाला धोका. मला कामाला ठेवणारे डॉक्टरसाहेब म्हणाले, धोका केव्हाच टळला, पाटी काढायचा आळस. कामं दोनच. फेरी मारायची, आणि तब्येत कशी आहे ते रोज वहीत लिहायचं. काय खाल्लं, कुठं दुखलं, सगळं. महिनाअखेर बायको आणि सहा वर्षांची आमची ठमी इथं राहायला येतील. ठमीसाठी सात नंबरचं घर धुऊन घेतलं. ठमीबाई खूश होणार!

९ तारीख, गुरुवार
जेवण मातीसारखं लागतं. हिरड्यांतून रक्त येतं. बायको म्हणाली असती, खा अजून तंबाखू. डॉक्टरसाहेबांचा ड्रायव्हर वहीची पानं न्यायला आला, हातमोजे घालून, चिमट्यानं घेतली. चहाला बोलावलं तर म्हणे घाई आहे. मेल्याला कसली घाई?

१४ तारीख
टाकीमागच्या घरात एक माणूस मरून पडलाय. बरेच महिने झाले असावेत. अंगावर माझ्यासारखाच गणवेश. शेजारी वही. पहिल्या पानावर तोही खूश होता. शेवटी नुसते फराटे. फाटकाकडे धावलो. बाहेरून कुलूप.

१६ तारीख
डॉक्टर आले. फाटकापासून लांबच उभे. शिव्या घातल्या, मग हातापाया पडलो. शांतपणे म्हणाले, विष उतरलं का ते माणूस ठेवल्याशिवाय कळत नाही. मोठ्या माणसांचं कळलं. लहान मुलांचं कळायचंय. माझ्या नावानं घरी निरोप गेलाय, लगेच निघा. हलकट!

१७ तारीख
कुंपणावर चढलो. बोटांत पकड नाही. पडलो, पाय मोडला. आवाज बसलाय, नुसता वारा येतो—

१८ तारीख
बायकोला वाचता येत नाही. ठमीला येतं, जोडाक्षरं अडतात. सरपटत जाऊन फाटकाआतल्या रस्त्यावर चुन्यानं लिहिलं, मोठ्ठं: परत जा. वाचेल. हुशार आहे पोर—

१९ तारीख
गाडी आली. ड्रायव्हर कुलूप काढतोय. बायको सामान उतरवतेय. मी सात नंबरच्या पायरीवर, उठता येत नाही—

ठमी वाचतेय. प, र, त—

हसली.

अरे देवा. हा तर आमचा घरचा खेळ. मी 'परत जा' म्हणायचो, की ती धावत येऊन गळ्यात—

नको ठमे, खरंच जा, बाळा, ना