सुतारकाकांचं वजन

मंगळवार, ता. ९

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. खोलीचं कुलूप आता दोनदाच ओढून बघतो. पूर्वी चारदा बघायचो, तेव्हा ही प्रगती समज. भावजींचा गुडघा कसा आहे? चिमीनं काढून पाठवलेलं मांजर भिंतीवर लावलंय. पाय पाच आहेत, पण मी काही बोलणार नाही.

पत्राला उशीर झाला, कारण तीनदा लिहून फाडलं. शुद्धलेखनासाठी नव्हे.

हॉस्पिटलच्या नोंदी ठेवायच्या कोर्सचं काय झालं, असं तू विचारलंस. कोर्स चांगलाच आहे. शाळा अर्धवट सोडून चार वर्षांनी बाहेरून दहावी झालेल्याला आणखी काय हवं? "कागदाला रक्त येत नाही, तुला तेच बरं," हेही तुझं खरं. फॉर्मसुद्धा तूच भरून दिलास. सही तेवढी माझी राहिली होती.

आधी एक गंमत सांगतो. डायलिसिसच्या खोलीत पेशंटचं वजन करून लिहायचं, हे माझं काम. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं, तेवढं अंगात साठलेलं पाणी मशीन काढतं. गेल्या महिन्यात आमच्या सुतारकाकांचं वजन नेहमीपेक्षा दीड किलो जास्त भरलं.

"काका, पाणी जास्त प्यायलात?"

"घोटभरही नाही रे!"

मशीन चालवणाऱ्या बाई आकडा घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा. मी स्वतः काट्यावर चढून बघितलं. काटा बरोबर. मग काकांना कोट काढायला लावला. खिशात हातोडी, पटाशी आणि पुडीभर खिळे! कामावरून तडक आले होते.

बाईंचा चेहरा उतरला. तेवढं पाणी जादा निघालं असतं, तर काकांचा रक्तदाब कोसळला असता. काका मात्र म्हणतात, "हातोडीचंही डायलिसिस करून टाका, फार जड झालीय!" अख्खी खोली हसली.

नंतर बाई म्हणाल्या, "तुझा हा संशयी स्वभाव बाहेर लोकांना छळत असेल. इथे त्याची गरज आहे. शिकतोस का हे काम?"

ताई, तू भरलेला फॉर्म मी दिला नाही. डायलिसिसच्या दोन वर्षांच्या कोर्सचा दिला. निवड झाली. यादीत तिसरा आहे. पाचदा वाचली, मग बाईंना मोठ्यानं वाचायला लावली.

आणखी एक लपवलं होतं. कामाच्या पहिल्याच दिवशी रक्तानं भरलेली नळी बघून मी धाडकन पडलो. शुद्धीवर आलो तर काका पलंगावरून म्हणत होते, "रक्त माझं फिरतंय, आणि चक्कर तुला?" त्यानंतर एकदाही पडलो नाही. हात कामात असले की भीतीला उभं राहायला जागाच उरत नाही.

मी नोंदींचा कोर्स करणार, असं तू सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून बसलीस, हे मला ठाऊक आहे. आईच्या मागे तूच मला वाढवलंस, आणि तुझं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ. पण ताई, इतका आनंद मला कधी झालाच नव्हता. रस्त्यानं एकटाच हसत जातो, लोक बाजूला होतात.

सोमवारी सकाळी आठला पहिला तास आहे. रागवायचं असेल तर रविवारपर्यंत पोटभर रागाव. सोमवारी मला लक्ष द्यावं लागेल.

तुझा धाकटा भाऊ,
आणि सोमवारपासून विद्यार्थी