पावसाळ्यातली पाहणी

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, कारण सगळं बरं चाललं होतं आणि बरं चाललेलं ऐकायला तुम्हाला कधीच फारसा वेळ नसे. आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला घरात घेतलं नसतंत.

मी नऊ वर्षांची असेन. वनखात्यातली तुमची नोकरी, आणि कासविणीने आपल्या किनाऱ्यावर घातलेली अंडी कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी गाठून कुंपणातल्या खड्ड्यात नीट पुरायचं तुमचं वेड. त्या सकाळी टोपली माझ्या हातात देऊन तुम्ही खड्डा खणायला गेलात, आणि मी शहाणीने एकेक अंडं नळाखाली धुऊन, उलटंपालटं करून पुन्हा रचलं. तुम्ही ओरडला नाहीत. "तिनं ठेवलं तसंच ठेवायचं असतं. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो," एवढंच म्हणालात. मग दोन महिने रोज शाळेआधी मला त्या खड्ड्यापाशी उभं केलंत. एकही पिल्लू वर आलं नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आता मी दिल्लीत द्वारकेला राहते, मेट्रोने पर्यावरण खात्याच्या ऑफिसला जाते, मंजुरीच्या फायली पुढे सरकवते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या जेटीची फाइल माझ्या टेबलावर आली. सोबत पाहणीचा अहवाल होता: किनाऱ्यावर कासवांची घरटी आढळली नाहीत. पाहणी जुलैतली. जुलैत कशी आढळतील, अण्णा? आपल्याकडे त्या थंडीत येतात, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी टिपणीत एक ओळ घातली, पाहणी हंगामात पुन्हा करावी. साहेब आपलेच, पुण्याचे. म्हणाले, "तुमचंच गाव ना ते? मग लोक म्हणणार, मॅडमचा इंटरेस्ट आहे. रिपोर्टमध्ये नाही म्हणजे नाही, यार. चलो, क्लीन नोट द्या." माझं प्रमोशन त्यांच्या हातात होतं. मी ओळ काढली आणि सही केली. प्रमोशन झालं.

परवा जेवणाच्या सुट्टीत, तुमच्यामागे ते कुंपण सांभाळणाऱ्याचा फोन आला. भरतीच्या रेषेवर आता सगळी जेटीची दगडी भिंत आहे म्हणाला. पहाटे आलेली एक कासवीण ऊन वर येईपर्यंत भिंतीच्या कडेकडेने फिरली, दगडांवर चढायला गेली, घसरली, आणि शेवटी ओल्या वाळूतच अंडी टाकून गेली. तो पोचेपर्यंत लाटांनी नेली. एवढा मोठा बाप्या, पण फोनवर रडत होता. "ताई, तू दिल्लीत मोठ्या ऑफिसात आहेस. हे पास कुणी केलं, तेवढं शोधून दे."

मी म्हटलं, बघते.

हे पत्र खरं तर त्याला पाठवायला हवं. पाठवणार नाही. काल त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी सांगितलं, फाइल सापडत नाही.