चहात बुडवलेला बर्गर

बाबा,

तिनं बर्गर उघडला, वरचा पाव चहात बुडवला, आणि त्या एका घासात माझं सगळं बदलून गेलं. कालचीच गोष्ट. दुकान तेच, गोंदियात स्टेशनच्या रस्त्यावरचं, कामठ्याहून आणलेलं धान विकून झालं की तुम्ही मला न्यायचे ते. तव्यावर आता मालक म्हातारबांचा मुलगा असतो, गल्ल्यावर सून. म्हातारबा दाराजवळ खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखत बसतात. बटाट्याची टिक्की, भरपूर कांदा, हिरवी चटणी, चव तीच.

तुम्ही तिथं पहिल्यांदा बर्गर खाल्ला तो दिवस मला चांगला आठवतो. एवढा उंच पाव तोंडात मावेना. तुम्ही शांतपणे वरचा पाव उचलला, चहा मागवला आणि त्यात बुडवून खाल्ला. टिक्की मागून, खालच्या पावासोबत, भाकरीशी भाजी खावी तशी. शेजारची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. मी एवढासा, पण मुठी आवळून उठलो. तुम्ही कॉलर धरून मला खाली बसवलं. "काऊन रे, बाबू? पाव आपला, चा आपला. त्याईचं कायले दुखते? बस. चा थंडा होऊन राहिला." तेव्हापासून म्हातारबा आपल्याला बर्गरसोबत न विचारता चहा द्यायचे. तुम्ही गेलात, ती रीत मी चालवली.

बसून राहणं मात्र मला जमलं नाही. सरांशी भांडलो आणि कॉलेज अर्ध्यातच सोडून आलो. जिच्याशी लग्न करायचं म्हणतोय, तिच्यापायी तर दोघांना धरून बदडलं. म्हणून काल दुकानात शिरतानाच तिनं बजावलं, "आज कोनाशी भांडला त मी इथूनच बस पकडीन. मंग दिसनार नाही तुले."

मी पाव चहात बुडवतो न बुडवतो, तोच मागच्या टेबलावरून एक जण मोठ्यानं म्हणतो, "देखो, देखो, बर्गर को टोस्ट समझ लिया!" माझी खुर्ची मागं सरकते. ती माझ्याकडं बघत नाही. आपला पाव उचलते, चहात बुडवते, तोंड वाकडं करते आणि गिळते. मग म्हणते, "बस. चा थंडा होऊन राहिला."

तसं आपल्याकडं कोणीही म्हणेल असं वाक्य. पण मी बसलो, बाबा. दाराजवळून म्हातारबा ओरडले, "अरे, कामठावाले का लड़का बैठ गया! बहू, एक चाय और दे!" तिला हसू आवरेना. मग हळूच म्हणाली, "आता माझ्या बाबाले लग्नाचं विचार. ते लगित बोलतील तुले, शिव्या बी देतील. पन बसूनच आयकजो."

तिकडंच निघालोय आता. कोहमाऱ्याला त्यांचा ढाबा आहे, म्हणजे चहा तरी मिळेल.

एक सांगतो. चहातला तो पाव मला कधीच आवडला नाही. चटणीनं चहा तिखट होतो. तुम्हाला खरंच आवडत होता, की हसणाऱ्यांपुढं मागं हटायचं नव्हतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तांदळाच्या कोठीवर ठेवतो. शर्टाची कॉलर नीट करतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. रोजच्यासारखं आपटत नाही.