पाचच्या कॉलआधी रिसीव्हर लावा

बाबा,

मला अचानक ड्युटीवर बोलावलंय, निघते. तुमचा जुना रिसीव्हर आणि ते दोन मोठे स्पीकर कॉम्प्युटरला जोडून ठेवलेत. नुसते स्पीकर वाजत नाहीत, आवाज रिसीव्हरच मोठा करतो, म्हणून आधी तो चालू करा. आवाजाचं बटण नेलपॉलिशच्या ठिपक्यापर्यंतच फिरवा. डाव्या स्पीकरच्या वायरी घाईत जोडल्यात. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर सगळंच बंद पडेल, तेव्हा त्यांना हात लावू नका.

पाचला कॉल आला की हिरवं बटण दाबा. मावशीच्या नावाने येईल, पण बोलणार आई आहे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही फिरायला निघून गेला असता.

“ही सारखी ओरडते,” असं तुमचं म्हणणं. “हळू बोललं तर यांना ऐकूच जात नाही,” असं तिचं. या भांडणात तिला मावशीकडे जाऊन महिना झाला. कानाच्या डॉक्टरकडे तुम्ही काही येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. नेहमीच्या आवाजात बोल, असं मी तिला बजावलंय. तुम्हाला काही सुचलं नाही तर गप्प बसा, पण कॉल कापू नका.

“ते ऐकतील का गं?” असं तिने तीनदा विचारलं. मी हो म्हणून बसलेय.

— धाकटी