हजार बैठकांचा संकल्प

३ मार्च, सकाळ
वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या विभागावर पाटी आहे : 'शिशूदक्षता विभाग'. समासात शिशु ऱ्हस्वच हवा. आतली मंडळी एकूण एक मुठीएवढी, आणि त्यांच्या पायात हा भलामोठा दीर्घ उकार अडकवलेला. सिस्टरच्या नजरेस आणून दिलं. तिने विचारलं, आपण कोण? म्हटलं, आजोबा. गेल्या आठवड्यात झालो, अडीच महिने मुदतीआधी. ती म्हणाली, हात धुवा आणि आत या. मी म्हणालो, आज जरा सर्दीसारखं वाटतंय. 'सारखं' हा मराठीतला अत्यंत प्रामाणिक शब्द आहे.

३ मार्च, संध्याकाळ
नुसतं दाराबाहेर उभं राहणं पुरुषार्थाला शोभत नाही. जावई म्हणाले, विभागात श्वासाचं आणखी एक यंत्र असतं तर बरं झालं असतं. ठरलं. निधी मी जमवणार, आणि तोही घाम गाळून. धावणं : कुत्री. पोहणं : पाणी. सायकल : मेहुण्याकडे आहे, मेहुणा बोलत नाही. राहिल्या बैठका. महिन्याभरात हजार. जागा नको, साहित्य नको. बायको म्हणाली, आमच्या शाळेत त्याला उठाबशा म्हणायचे, आणि काहीतरी उद्योग केल्याशिवाय त्या मिळत नसत. दुर्लक्ष केलं.

५ मार्च
आवाहन लिहिलं. 'हजार बैठका मारणार' असा पहिला खर्डा. पण तान्ह्या बाळांच्या कामात 'मारणे' हे क्रियापद कानाला खटकलं. 'घेणार' केलं. एका शब्दाने मजकूर कसा सोज्ज्वळ होतो! आमच्या पेपरच्या ऑफिसात, इमारतीत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलं.
व्यायाम उद्यापासून. आज संकल्प. संकल्प म्हणजे अर्धं काम.

६ मार्च
सुरुवात झाली. खाली जाणं उत्तम जमतं. वर येण्याचं तंत्र अजून बसायचंय. कपाटाचं हँडल हातात आलं. बायकोने विचारलं, हे कसं निघालं? म्हटलं, जुनं झालं होतं. तिने विचारलं, कोण?

८ मार्च
विचित्र प्रकार. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, महिन्यात हजार मीटिंगा घेणार, मग बातम्या कोण देणार? वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड इंजिनिअरला पहिल्या बैठकीची विषयपत्रिका हवी आहे. आत्या विचारतेय, ऑनलाइन आलं तर चालेल का?
लोकांचं भाषेकडे लक्ष नाही. खुलासा लिहायला उठलो तर उजव्या गुडघ्यातून आवाज आला. खुलासा लांबणीवर.

९ मार्च
गुडघ्याला विश्रांती. सिस्टरचा निरोप : आजी रोज येतात, आजोबा कधी? कळवलं, सध्या ट्रेनिंग चालू आहे. ट्रेनिंग म्हटलं की माणसं आदराने गप्प होतात. मुलगीसुद्धा फोनवर गप्प झाली.
नातीचं वजन किंचित वाढलं. जावयांकडून कळलं.

१२ मार्च
व्युत्पत्ती पाहिली. 'बैस'च्या मुळाशी संस्कृत 'उपविश्'. म्हणजे मुद्दा बसण्याचा आहे. गुडघ्यांचा उल्लेख कुठेही नाही. शिवाय खोलीत वीस माणसं बसली तर वीस बैठका. मध्ये चहाला उठून पुन्हा बसली तर चाळीस. शास्त्र माझ्या बाजूने आहे. खुलासा रद्द.

१५ मार्च
पहिली बैठक, पार्किंगशेजारच्या खोलीत. 'गर्भ' शब्दाच्या धातूपासून सुरुवात केली. धातू संपायच्या आत इंजिनिअरने हात वर केला. आत्ताच सगळी देणगी देऊन टाकली तर पुढच्या बैठकांना यावं लागणार नाही ना, असं विचारलं. नाही म्हटलं. त्याबरोबर सगळ्यांनी खिशात हात घातले. वक्तृत्वाचा असा तत्काळ परिणाम मी प्रथमच पाहिला.

१९ मार्च
ऑफिसातल्यांनी तर बैठक ठरायच्या आतच पैसे पाठवले. आत्याने दुप्पट, ऑनलाइनसुद्धा बोलावू नकोस या अटीवर. यंत्र येणार. जावई म्हणाले, चेक तुम्हीच आणून द्या. आणि मुलीची इच्छा आहे, एक तरी खरी बैठक मारून दाखवा. ती किती दिवसांत हसलेली नाही. होकार दिला. फॉर्म उत्तम आहे.

२२ मार्च
विभागाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कार्यक्रम. डॉक्टर, सिस्टर, मुलगी, बायको. चेक दिला. टाळ्या. बैठकीसाठी खाली गेलो, आणि तिथेच राहिलो. एका बाजूने जावई, दुसऱ्या बाजूने साफसफाईच्या मावशी, अशा पद्धतीने वर आलो. मावशी म्हणाल्या, भाऊ, श्वास घ्या.
मुलगी हसली. बराच वेळ हसली, मग ते हसणं राहिलं नाही. म्हणाली, "बाबा, आता तरी आत चला. काल रात्री तिचा श्वास थांबला होता. आला परत, पण थांबला होता."
मी गुडघ्याकडे बोट दाखवलं.
"गुडघ्याने नाही बघायचं तिला," ती म्हणाली आणि एकटीच आत गेली.

२३ मार्च
गुडघ्यावर बर्फ. बायको शेकायचं म्हणते, इंजिनिअर बर्फ म्हणतो. एकाही बाजूला शास्त्राधार नाही.
तेवीस तारीख झाली आणि मी अजून तिला पाहिलेलं नाही. जावई वजन सांगतात, मी ऐकतो. अजून ती बातमी आहे. बातम्या ऐकून मला झोप लागते, नोकरीच ती. डोळ्यांनी पाहिली की ती माझी नात होईल. आणि मग एखाद्या रात्री थांबलेला श्वास परत आलाच नाही, तर मुलीला कोणीतरी धरून उभं राहायला हवं. ते मला जमणार नाही, याची मला भीती वाटते.