बाबांचा मॉनिटर

ता. ६ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना बाबा कान लावून शेजारी बसतात, म्हणून मुद्दाम पत्र. त्यांचा गुडघा अजून वाकत नाही. बाकी तब्येत ठीक आहे. माझं शिवणाचं दुकान जोरात चालू आहे. लोक बारीक झाले की कपडे घट्ट करायला येतात, जाड झाले की उसवायला, त्यामुळे मला मरण नाही.

घड्याळं दुरुस्त करतानाचे तुझे व्हिडिओ बाबा दिवसातून तीनदा बघतात. फोनवर तुझी बोटं नीट दिसत नाहीत, म्हणून डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून फोन अगदी नाकाशी धरतात. चहा निवून जातो तरी मान वर होत नाही. तू गेल्यापासून अकरा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मला बघायला भिंग लागत नाही, म्हणूनच बहुतेक मी दिसत नाही. तुला त्यांनी आपली घड्याळांची सगळी विद्या दिली आणि मला त्यांच्या दुकानाचं शटर उघडायला ठेवलं, असं परवा म्हटलं, तर ते हसले. मी चेष्टा केली नव्हती.

असो. माझा जुना कॉम्प्युटर चालू आहे, मॉनिटर तेवढा गेलाय. व्हिडिओ स्वच्छ दिसेल आणि खिशालाही परवडेल असा कुठला घेऊ, ते कळव. तुला यातलं कळतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई


ता. १५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि टोचलंही. बाबांच्या नुसत्या खोकण्यावरून तुला त्यांचा राग-लोभ कळतो. माझ्या वाट्याला फोनवर ‘बरं आहे’ एवढे दोनच शब्द येतात. तेही तू बाजूने सांगितल्यावर. तुझा हेवा करायला मला रोज वेळ मिळतो, हे लक्षात असू दे.

मॉनिटरचं म्हणशील तर फार खोलात शिरू नकोस. वापरलेला, अठरा इंची, साधा घे. फुल एचडीचं खूळ सिनेमावाल्यांसाठी असतं. बाबांच्या वयाच्या डोळ्यांना त्यात काय फरक कळणार? उगीच खर्चात पडू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

घाईत लिहिलंय, अक्षर गचाळ आलंय. वाईट वाटून घेऊ नकोस. बाबांना नमस्कार.
तुझी ठमी


ता. २९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सल्ला मी मोडला. खरं सांगते, रागाने मोडला. आमच्यासाठी वापरलेलं पुरे, असा मी त्याचा अर्थ काढला. हट्टाने दुकानात गेले आणि विक्रेत्याला दोन मॉनिटरवर एकच व्हिडिओ लावायला सांगितला. साध्यावर झाड म्हणजे हिरवा डाग होता. फुल एचडीवर पानाच्या शिरा मोजता येत होत्या. बाबा पाय लांब करून बाजूच्या खुर्चीत बसतात, असं सांगितल्यावर त्याने तिरकं बघितलं तरी रंग उडत नाहीत असा आयपीएस पॅनेलचा चोवीस इंची दाखवला. खोकं फाटलेलं, मॉडेल गेल्या वर्षीचं, म्हणून स्वस्तात दिला. त्याला स्पीकर नाहीत, पण तुझ्या व्हिडिओत तू बोलतेस कुठे?

रविवारी सकाळी जोडला. बाबांनी भिंग बाजूला ठेवलं. तीन मिनिटं पाहून मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा मागे. मग मान पुढे काढून पडद्याजवळ वाकले. मला वाटलं, लेकीच्या कौतुकाने वाकले, आणि मी नेहमीसारखी जळले.

मग ते म्हणाले, हिचा हात थरथरतोय. मी म्हटलं, कॅमेरा हलला असेल. ते म्हणाले, कॅमेरा हलला असता तर मागची भिंत हलली असती. भिंत जागच्या जागी आहे, नुसता चिमटा हलतोय.

मी तुझं मागचं पत्र काढून अक्षर पाहिलं. घाईचं अक्षर असं नसतं. काय झालंय ते आडपडदा न ठेवता लिही.
तुझी ताई


ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात, नसांचा आजार आहे. औषधाने वेग कमी होईल, बरा होणार नाही. बारीक काम अजून किती दिवस जमेल, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी एकेक व्हिडिओ दहादा काढायचे आणि हात स्थिर असलेले तुकडे जोडायचे. उरलेली थरथर फोनवर खपून जायची. म्हणून तुला साधा मॉनिटर घ्यायला सांगितलं. तुला कमी लेखलं नव्हतं, ताई.

बाबांनी मला निवडलं ते या हातांमुळे. तू दुपारी कापड बेतत असशील आणि ते शेजारी डुलक्या घेत असतील, हे मनात आलं की मला आजही सहन होत नाही. तुझ्याजवळ ते आहेत. माझ्याजवळ त्यांचं म्हणून फक्त हे काम होतं.

बाबांना कसं सांगायचं ते तूच ठरव.
तुझी ठमी


ता. १४ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्याच हातात दिलं. त्यांना एक पान वाचायला अर्धा तास लागला. मग त्यांनी विचारलं, हातांमुळे निवडलं असं हिला कोणी सांगितलं? म्हणाले, लहानपणी ही एका जागी बसायची नाही, म्हणून हिला जवळ बसवून ठेवलं. थोरली आपली आपण कामाला लागायची, तिला बसवायची वेळच आली नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, चुकलंच ते.

आता माझं. हात थरथरतोय असं बाबा म्हणाले, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. आता आपण दोघी सारख्या झालो, असं मनात आलं. लगेच माझीच मला किळस आली. हे लिहिलं नसतं तर तुझ्याकडे सरळ बघता आलं नसतं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने गुडघ्याला पट्टा बांधून बाबा निघताहेत, सोबत मी. येताना दोन तिकिटं, परतीची तीन काढली आहेत. नाही म्हणू नकोस. घरी आलीस की बाबा दिवसभर तुझ्याकडेच बघत बसतील. मी जळेन, माझा स्वभाव मला माहीत आहे. तरी ये.
तुझी ताई